मताचं वजन कुठे पडतं

अनेक आशीर्वाद.

कुणालाही निवडून दिलं तरी घराणी तीच आणि पैसाही तोच, मग उन्हात रांगेत उभं राहायचं कशाला, असं तू विचारलंस. प्रश्न रास्त आहे, आणि आकडेही तुझ्याच बाजूने बोलतात. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने उमेदवारांची शपथपत्रं तपासली तेव्हा 2009 च्या लोकसभेत 315 कोट्यधीश निघाले, 2024 च्या लोकसभेत 504. एकूण जागा 543. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, लोकसभेला 95 लाख आणि विधानसभेला 40 लाख. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही. कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था ज्याच्या मुठीत, त्याच्याच घरात तिकीट ठरतं. हे सगळं मान्य.

तरीही उमराण्याचं काय झालं ते बघ. 2021 च्या सुरुवातीला ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी या दोन गावांत पदांचा चक्क लिलाव झाला, म्हणजे जास्त बोली लावणाऱ्यालाच बिनविरोध निवडायचं. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेली, तीही मंदिराच्या नावाने. व्हिडिओ बाहेर आले आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. दोन कोटी देऊन तिथे काय विकत घेतलं जात होतं? गावाने मतदान करू नये, एवढंच. लोकांच्या मताने काही बिघडत नसतं, तर ते टाळायला एवढी रक्कम कुणी मोजली नसती. ‘बिनविरोध’ हा शब्द ऐकला की मी म्हणूनच आधी सावध होतो, कौतुक नंतर.

एका मताने निकाल फिरल्याच्या गोष्टी सांगून तुला भरीला पाडणार नाही. 2024 मध्ये मुंबई वायव्य लोकसभेचा निकाल 48 मतांवर लागला, विधानसभेला मालेगाव मध्य 162 वर आणि साकोली 208 वर. पण अशा लढती विरळाच. बहुतेक ठिकाणी तुझ्या मताने आमदार बदलणार नाही. ते मत दुसरीकडे मोजलं जातं.

निकालानंतर फॉर्म 20 निघतो. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तुझ्या मतदारसंघाचा उतरवून घे. प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ असते: कोणत्या उमेदवाराला किती, ‘नोटा’ला (‘वरीलपैकी कुणीही नाही’) किती, एकूण किती. तुझं मत गुप्त आहे, तुझ्या केंद्राचं नाही. समज, तुमच्या वस्तीच्या केंद्रावर 1,100 नावं आहेत आणि 410 जणांनी मतदान केलं. नेत्याच्या कार्यालयात हा कागद पाहणारा माणूस दोनच गोष्टी टिपतो. इथून नुकसान किती होऊ शकतं, आणि हे लोक बाहेर पडतात का? बाहेर न पडणाऱ्या वस्तीचा रस्ता कामांच्या यादीत खाली सरकतो, मग तिथला जिंकणारा कुणीही असो. याचा उलट वापरही होतो. विरोधात गेलेल्या गावाला पाणी उशिरा मिळतं. म्हणून सगळ्या केंद्रांची मतं एकत्र मिसळून मोजावीत, असं निवडणूक आयोगाने 2008 मध्येच सुचवलं होतं. ते झालेलं नाही. तोवर निदान तुमच्या केंद्राच्या एकूण आकड्यात तुझी भर असू दे.

आता कामाचं. निवडणूक जितकी खालची, तितकं तुझं मत जड. विधानसभेला तू लाखोंमधला एक. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात काहीशे मतदार आणि दोन-तीन सदस्य, तिथे भावकीतली पाच घरं फिरली की निकाल फिरतो. गंमत अशी, की शिकलेली मंडळी लोकसभेला तावातावाने बोलतात आणि वॉर्डाच्या निवडणुकीला गावी येत नाहीत. वरच्यांना हे चांगलं माहीत असतं.

गोची होते ती मतदार यादीत. स्थानिक संस्थांसाठी वेगळी नोंदणी होत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतात आणि प्रभागांत फोडतात. त्या तारखेला तुझं नाव नसेल तर नंतर कितीही धाव, उपयोग नाही. प्रारूप, म्हणजे कच्च्या यादीवर हरकतीला थोडेच दिवस मिळतात, आणि हरकत घेता येते ती चुकांवर: नाव शेजारच्या प्रभागात गेलं, विधानसभेच्या यादीत असून इथे गळलं, अशा. सीमेवरच्या गल्ल्यांची नावं हमखास पलीकडे जातात. तेव्हा स्वतःचंच नव्हे, अख्ख्या गल्लीचं बघ. नवं नाव फॉर्म 6 ने, पत्ता बदल किंवा दुरुस्ती फॉर्म 8 ने. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला गाव किंवा शहर यातलं एक निवडता येतं. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा. आणि ओळखपत्र खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, यादीत नाव नसेल तर त्या कार्डावर मत देता येत नाही.

विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाकडे, जिथे फक्त पदवीधरच मत देतात, तुझ्यासारख्यांचं तर लक्षच नसतं. 78 पैकी 7 जागा. पदवी मिळून 1 नोव्हेंबरला तीन वर्षं झालेली हवीत, अर्ज फॉर्म 18. ही यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते, मागच्या वेळची नोंद चालत नाही. हे बहुतेकांना कळतं तेव्हा मुदत संपलेली असते, आणि ज्यांच्या हाताशी कॉलेजं आहेत त्यांनी आपापल्या माणसांचे अर्ज भरून घेतलेले असतात. मतदार कोण हेच तिथे आधी ठरतं. मित्रमंडळातल्या पंचवीस जणांनी वेळेत अर्ज भरले, तर त्यांचा हिशेब तेवढा तरी चुकतो.

उमेदवाराचं शपथपत्र, म्हणजे फॉर्म 26, वाचताना मालमत्तेच्या बेरजेवर अडकू नकोस. तीच व्यक्ती मागच्या वेळी उभी असेल तर दोन्ही शपथपत्रं शेजारी ठेव. पत्नीच्या किंवा पतीच्या नावची जमीन कितीने वाढली, सरकारी थकबाकी काय, सरकारी कंत्राटं कुणाच्या नावावर, हे रकाने बघ. गुन्हा नुसता दाखल आहे की न्यायालयात आरोप निश्चित झाले आहेत, यात फार फरक आहे. आंदोलनातला गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका तराजूत घालू नकोस.

‘नोटा’चं थोडक्यात. 2019 मध्ये लातूर ग्रामीणला ‘नोटा’ 27 हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. निवडून येणारा आला. विधानसभेला तो निषेधाचा कागद आहे. महापालिका-नगरपालिकांना मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या 2018 च्या आदेशानुसार ‘नोटा’ पहिला आला तर फेरनिवडणूक होते.

मतदानानंतर पाच वर्षं गप्प बसलास, तर तुझी शंका खरी ठरेल. ग्रामसभा वर्षातून चार व्हायला हव्यात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तो. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बारा जणांत घरकुलाची यादी आणि कामांचा आराखडा मंजूर होतो. काही गावांत पहिली सभा मुद्दाम गैरसोयीच्या वेळी ठेवतात, ती याचसाठी. तेव्हा नोटीस लागली की तिचा फोटो गावच्या ग्रुपवर टाक, आणि पहिल्याच सभेला माणसं घेऊन जा. ठराव तिथेच वाचून दाखवायला सांग, आणि वाचून होईपर्यंत सह्यांचं रजिस्टर पुढे सरकू देऊ नकोस.