कोलेजनची पावडर आणि ओघळलेला चेहरा

“मॅडम, कोलेजन घेतलं तर चेहरा परत घट्ट होतो का?” आहार सल्ल्यासाठी येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका हल्ली हे हमखास विचारतात. कोलेजन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन; त्याची पावडर हल्ली डब्यातून विकली जाते. एका वाक्यात उत्तर दिलं की त्यांचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून सुनंदाताईंची केस सविस्तर सांगते. नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.

सुनंदाताई 49 वर्षांच्या. सोलापुरात विम्याचं काम, दिवसभर स्कूटरवर फिरती. शुगर काठावर आली म्हणून त्यांनी रात्रीचं जेवण बंद केलं आणि पाच महिन्यांत 11 किलो वजन उतरवलं. शुगर सुधारली, पण गाल बसले, हनुवटीखालची कातडी सैल पडली. “वजन उतरलं म्हणून लोक कौतुक करतील असं वाटलं होतं. जो तो विचारतो, आजारी होता का?” हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. चेहऱ्याची काळजी करणं म्हणजे नखरे, असं मी अजिबात मानत नाही. ज्या बाईला रोज नव्या माणसासमोर बसून विश्वास मिळवायचा असतो, तिला हा प्रश्न जिव्हारी लागणारच.

पुण्याच्या भाचीने त्यांना कोलेजनचा डबा पाठवला होता. महिन्याचा खर्च दीड हजारांच्या वर. दोन महिने घेऊन झाले होते, आणि तिसरा डबा मागवायचा का, हे त्यांना ठरवायचं होतं.

डबा त्या सोबत घेऊनच आल्या होत्या. मागच्या बाजूला मांसाहाराची खूण होती, तपकिरी त्रिकोण. घटकांमध्ये पहिलंच नाव माशापासून काढलेल्या कोलेजनचं. घरात सासूबाई माळकरी, दर आषाढीला पंढरपूर. ताई एकदम गप्प झाल्या. मी त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की कोलेजन हे प्राण्यांच्या कातडीत, हाडांत, माशांच्या खवल्यांतच असतं, झाडांत ते नसतंच. ‘शाकाहारी कोलेजन’ म्हणून जे विकतात त्यात बहुधा क जीवनसत्त्व, आवळा, बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) असं काहीबाही असतं, कोलेजन नसतं. शाकाहारी घरात हे विकत घेण्याआधी कळायला हवं, घेतल्यावर नव्हे.

मग मूळ प्रश्न. कोलेजन हे एक प्रथिन आहे. पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात. सोनाराकडे जुनी पाटली वितळली की त्या सोन्याची पुन्हा पाटलीच होईल असं नसतं, तसंच हे: शरीर ते तुकडे जिथे गरज आहे तिथे वापरतं. काही बारीक तुकडे पचनातून सुटून रक्तात पोहोचतात आणि त्वचेतल्या कोलेजन बनवणाऱ्या पेशींना चालना देतात, असं मांडलं जातं. रोज अडीच ते दहा ग्रॅम, दोन-तीन महिने, अशा चाचण्यांमध्ये त्वचेचा ओलावा आणि लवचिकपणा थोडा सुधारल्याचं दिसलंही आहे. पण 2025 मध्ये अशा 23 चाचण्या, एकूण 1,474 माणसं, एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा चित्र पालटलं. औषध कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांमध्ये फायदा दिसला नाही. काटेकोरपणे केलेल्या चाचण्यांमध्येही नाही. हे वाचल्यावर मी कोणालाही दरमहा दीड हजार त्यावर घाला म्हणून सांगू शकत नाही, आणि तसं मी ताईंना स्पष्ट सांगितलं.

“मग माझा चेहरा असा का झाला?” हा त्यांचा पुढचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला.

कारणं एकाहून जास्त होती. पाळी वर्षभर मागेपुढे होत होती. या काळात इस्ट्रोजेन हे स्त्रियांचं संप्रेरक कमी होतं तसं त्वचेतलं कोलेजन झपाट्याने घटतं; पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत ते साधारण 30 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. त्यात भर दुपारचं सोलापूरचं ऊन. अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलेजन तोडणारी विकरं (एन्झाइम्स) वाढतात. आणि सगळ्यात ठळक कारण म्हणजे वजन फार वेगाने उतरलं होतं. चेहऱ्याचा भरलेपणा बराचसा कातडीखालच्या चरबीमुळे असतो. ती घाईने गेली, आणि या वयातली कातडी तितक्या लवकर आखडत नाही. या रिकाम्या जागेत कुठलीही पावडर जाऊन बसत नाही.

मी त्यांचं दिवसभराचं खाणं लिहून घेतलं. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी दोन भाकऱ्या आणि भाजी, संध्याकाळी चहा-चिवडा, रात्री एखादं फळ किंवा ताक. प्रथिनं जेमतेम 30 ग्रॅम. भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढांना किलोमागे 0.83 ग्रॅम लागतात, म्हणजे ताईंच्या 58 किलोला रोजचे 48. कोलेजनच्या दहा ग्रॅमनी ही तूट भरेल असं त्यांना वाटत होतं. पण कोलेजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिन ज्यांपासून बनतं त्यातला एक घटक) नसतंच, त्यामुळे ते अपुरं प्रथिन आहे. मटकीची उसळ आणि भाकरी एकत्र खाल्ली तर त्याहून कितीतरी चांगलं प्रथिन मिळतं.

बदल साधेच केले. सकाळी बिस्किटांऐवजी मोडाची मटकी किंवा मुगाची धिरडी. दुपारी घट्ट वरण, भाकरीबरोबर शेंगाचटणी (सोलापूरकरांना ही सांगावी लागत नाही, फक्त तिची भीती घालवावी लागते). रात्रीचं जेवण पुन्हा सुरू: पनीर किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी, एक भाकरी, दही. शरीराला कोलेजनची वीण घट्ट करायला क जीवनसत्त्व लागतंच. बायकांना रोज 65 मिलिग्रॅम पुरतं आणि एका मध्यम पेरूत त्याहून जास्त असतं. मात्र गरजेपेक्षा जास्त घेतलं म्हणून जास्त कोलेजन तयार होत नाही. म्हणून दोन-दोन गोळ्या चघळू नका, असंही सांगितलं.

त्यांच्या फाइलमध्ये एक रिपोर्ट होता ज्याने मी थबकले. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड जास्त काम करत असेल तर ते कमी होतं) कमी, आणि वजनही उतरलेलं, त्यामुळे डॉक्टरांना थायरॉइड जास्त काम करतंय का अशी शंका होती. पण डब्यात बायोटिनही होतं, बऱ्याच मोठ्या प्रमाणात. रक्ततपासणीच्या काही पद्धतींमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी दिसू शकतं. मी त्यांना डबा घेऊन डॉक्टरांकडे परत पाठवलं. पावडर काही दिवस बंद ठेवून त्यांनी तपासणी पुन्हा केली. टीएसएच नॉर्मल आलं, आणि एक औषध सुरू होता होता राहिलं. केस आणि त्वचेच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकीने हे डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगायलाच हवं.

वाचलेल्या पैशांतून सनस्क्रीन आणि चांगला सुती स्कार्फ घ्या म्हटलं. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर इथे 900 च्या वर माणसांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा 24 टक्के कमी होत्या. त्याच अभ्यासात बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातल्या केशरी द्रव्याच्या) गोळ्यांचा काही उपयोग दिसला नाही. ती माणसं बहुतेक गोऱ्या कातडीची, आपल्या रंगाला मुळातच थोडं संरक्षण असतं, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. पण दिवसाचे पाच-सहा तास उन्हात असणाऱ्या बाईसाठी दिशा तीच.

पुढच्या काही महिन्यांत वजन दोन किलो वाढून स्थिरावलं, गाल थोडे भरले, थकवा गेला. शुगर ठीक राहिली. हनुवटीखालची सैल कातडी मात्र तशीच आहे. खाण्याने ती वर उचलली जाणार नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, त्यामुळे त्यांची फसगत झाली नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी रात्री लावायला ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) दिलंय, त्याचा परिणाम दिसायला महिने लागतात. लेझर वगैरेचा विचार त्यांनी सध्या बाजूला ठेवलाय.

मागच्या भेटीत त्यांनी भाचीला फोन लावून माझ्या हातात दिला. ती चोवीस वर्षांची, कोलेजनच्या गमी (चघळायच्या गोड गोळ्या) खाते. वेष्टनावरचा आकडा वाच म्हटलं. एका गमीत कोलेजन शंभर मिलिग्रॅम, साखर दोन ग्रॅमच्या वर. वर सांगितलेल्या अडीच ग्रॅमच्या मात्रेला पोहोचायला तिला रोज पंचवीस गमी खाव्या लागल्या असत्या. मग तिनेच विचारलं, सनस्क्रीन किती एसपीएफचं (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) घेऊ? तीस किंवा त्याहून जास्त, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर भरेल इतकं, आणि उन्हात फिरणार असशील तर दर दोन तासांनी पुन्हा.