आईची मांडणी रिकामी करण्याआधी

तुमची अडचण थोडक्यात अशी : डोंबिवलीची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे, दोन महिन्यांत घर रिकामं करायचं आहे आणि भाड्याच्या जागेत निम्मंही सामान मावणार नाही. कॅनडातली बहीण म्हणते, सगळ्याचे फोटो काढ आणि देऊन टाक. इकडे तुमच्या ७८ वर्षांच्या आई मात्र तुम्ही बाजूला काढलेलं भांडं रात्री गुपचूप परत मांडणीवर नेऊन ठेवतात. फोटो काढून खरंच जीव सुटतो का, असं तुम्ही विचारलंय.

बऱ्याच वस्तूंतून सुटतो. सगळ्यांतून नाही. कुठल्या वस्तूतून सुटतो आणि कुठल्या नाही, हे मला एक वस्तू कायमची गमावल्यावर कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सहा वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतलं आईचं घर मी असंच आवरलं. तीन खोल्या, ४४ वर्षांचा संसार, बाबांना जाऊन दोन वर्षं झालेली. पहिल्या आठवड्यात मी गच्चीवर पांढरी चादर अंथरली आणि एकेक वस्तू त्यावर ठेवून फोटो काढत सुटले. तीनशेच्या वर फोटो झाले. संध्याकाळी आईला दाखवले, तर ती बराच वेळ बघून म्हणाली, "ही कोणाची गं भांडी?" चादरीवर ठेवलेला तांब्या हा कुणाचाही तांब्या असतो. आमचा तांब्या खिडकीपाशी, माठावर, ओठाला पोचा आलेला असा असायचा. ते सगळे फोटो मी पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हा पहिलं काम हे करा. काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढा. कपाटं, फडताळं, देव्हाऱ्याखालचा खण, सगळं उघडं ठेवून काढा. पसारा आवरू नका. फ्रिजवरची औषधं, कॅलेंडरवर दुधाच्या लिटरचे आकडे, दाराच्या खुंटीला अडकवलेली पिशवी, हे तसंच येऊ द्या. आज आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बघितला जातो तो फोटो कुठल्या मौल्यवान वस्तूचा नाही, आईच्या ओट्याचा आहे. तो काढायला मला दहा सेकंद लागली होती. चुकून आधी कपाटं रिकामी केली असती, तर तो मिळालाच नसता.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. वस्तू आईंच्या हातात द्या आणि मग फोटो काढा. माझ्या आईकडे धान्याची जुनी मापं होती, चिपटं आणि मापटं. मी ती नुसतीच ठेवून फोटो काढला होता. नंतर तिच्या हातात चिपटं दिलं, तर तिने आपोआप तळवा आडवा फिरवून वरचा न दिसणारा तांदूळ सपाट केला. "दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. पाहुणे आले की एक चिपटं जास्त," असं बोलायला लागली आणि पाऊण तास थांबली नाही. मी फोन तसाच चालू ठेवला होता. चिपटं आता माझ्या मावसबहिणीकडे आहे आणि मला त्याची एकदाही हुरहुर लागलेली नाही, कारण जे जपायचं होतं ते त्या पाऊण तासात आलं.

यावर परदेशात झालेली दोन संशोधनं मला माहीत आहेत आणि दोन्ही उपयोगाची आहेत. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत वर्षअखेरीला जुन्या वस्तू दान करण्याचं आवाहन केलं होतं. काही इमारतींत नुसतं आवाहन, काहींत 'आधी फोटो काढा, मग द्या' असं. नुसत्या आवाहनावर ५३३ वस्तू आल्या, फोटोचं सुचवलं तिथे ६१३. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे तुमच्या बहिणीचं म्हणणं निराधार नाही. पण ती वसतिगृहातली मुलं होती, एका वर्षाच्या वस्तू देत होती. चाळीस वर्षांच्या संसाराला तोच हिशेब लावता येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरं संशोधन लिंडा हेन्केल यांचं, २०१४ सालचं. संग्रहालयात ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले, त्या वस्तू त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. जणू मनाने ते काम कॅमेऱ्यावर सोपवून टाकलं. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर जवळून रोख धरला, त्यांची आठवण शाबूत राहिली. हे वाचल्यापासून मी सगळ्यांना सांगते : आधी वस्तू हातात घेऊन नीट बघा, मग फोटो काढा, आणि एक फोटो तिच्या खुणेचा काढा. कपाचा टवका, शिलाई मशीनच्या चाकाचा घासून गेलेला रंग, बाबांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं जादा भोक.

भांड्यांवर घातलेली नावं तर अजिबात सोडू नका. आपल्याकडे लग्न-मुंजीत दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची पद्धत होती, त्यामुळे अख्ख्या गोतावळ्याची नोंद मांडणीवर असते. आमच्या एका पातेल्यावर आईच्या अशा एका आत्याचं नाव निघालं, की जिचा घरात एकही फोटो नाही. ही अक्षरं समोरून काढलेल्या फोटोत दिसत नाहीत. फ्लॅश बंद ठेवा, भांडं खिडकीपाशी असं धरा की उजेड एका बाजूने तिरका येईल. तरी दिसली नाहीत तर चिमूटभर तांदळाची पिठी अक्षरांवर चोळून वरची पुसून घ्या. टिंबांमध्ये पिठी बसते आणि नाव पांढरं उठून दिसतं. पितळ फार चकाकत असेल तर बाजूला पांढरा कागद धरा. आणि चिंचेने घासण्याआधी एक फोटो घ्या, वापरातला रंग तोच असतो.

आता माझी चूक. आमच्याकडे पाटा-वरवंटा होता. मिक्सर आल्यापासून पाटा गच्चीत, पण वरवंटा आईने आत ठेवला होता, कारण आम्हा तिन्ही भावंडांच्या बारशाला तोच गोप्या म्हणून आधी पाळण्यात घातला होता, आणि पुढे आमच्या मुलांच्याही. मी त्याचे सुंदर फोटो काढले, आईचं बोलणं टिपलं, आणि ट्रकमध्ये वजन नको म्हणून दोन्ही दगड शेजारच्या बांधकामावरच्या एका कुटुंबाला देऊन टाकले. दोन वर्षांनी भाचीच्या बाळाचं बारसं होतं. आईने हात पुढे केला आणि विचारलं, "गोप्या कुठाय?" मी नवा आणलेला वरवंटा दिला. तिने तो ओंजळीत तोलला, काही बोलली नाही, पुढे दिला. त्या दगडाची आठवण डोळ्यांत नव्हतीच, हातात होती. फोटोला वजन नसतं.

तेव्हापासून मी एकच कसोटी लावते. डोळे मिटायचे आणि ती वस्तू आठवायची. आधी तिचं रूप दिसलं तर फोटो पुरतो, खुशाल द्या. आधी वास आला, स्पर्श झाला, वजन किंवा आवाज आठवला, तर थांबा. गोधडी, ट्रंकेतला वास, अडकित्त्याचा कटकट आवाज, बाबांची काठी, या वस्तू फोटोने सुटत नाहीत. सगळ्या ठेवता येणार नाहीत, हे मला कळतं. पण एका गोधडीला आणि एका अडकित्त्याला भाड्याच्या घरातही जागा होते. माझ्याकडे शेवटी अशा नऊ वस्तू राहिल्या, सगळ्या मिळून एका ट्रंकेत मावतात.

पुण्यात आलात तर केळकर संग्रहालय आईंना दाखवा. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या स्मरणार्थ त्यांनी ते उभं केलं. त्यात राजाच्या वस्तू मांडलेल्या नाहीत. दिवे, अडकित्ते, फण्या, भांडी, अशा असंख्य परक्या घरांतल्या वस्तू आहेत. माझी आई त्या अडकित्त्यांपुढे खूप वेळ उभी होती. घरी आल्यावर तिने स्वतःहून विचारलं, "ती मोठी पातेली कुणाला कामाला येतील?"

म्हणजे देण्याचा निर्णय तिचा झाला, आणि तो तिचाच असायला हवा. तुमच्या आई रात्री भांडी परत ठेवतात, कारण ती त्यांच्या हाताने निघालेली नाहीत. आम्ही संक्रांतीची वाट पाहिली. बाबा गेल्यावर आईने हळदीकुंकू बंद केलं होतं. मी माझ्या घरी सगळ्यांना तिळगुळाला बोलावलं आणि वाण आईच्या हातून लुटलं. तिच्या स्टीलच्या वाट्या, पितळी डबे, फुलपात्रं. प्रत्येकीला देताना ती वस्तू कुठून आली ते सांगायची, आणि मी दोघींचा फोटो काढायचे. ते फोटो मला चादरीवरच्या सगळ्या फोटोंपेक्षा मोलाचे आहेत. तुमच्याकडे संक्रांत दूर असेल तर साधं जेवण ठेवा, पण वस्तू आईंच्या हातून जाऊ द्या. बोहारणीला कपडे द्यायचे तरी तेही आईंनाच द्यायला सांगा. मोड विकायला तांबट आळीत मी एकटी गेले होते, आईला नेलं नाही. वजनकाट्यावर आपलं घमेलं चढलेलं बघणं कठीण जातं. जरीच्या साड्यांचंही तसंच, विकत घेणारा जर जाळून चांदी काढतो, हे आधी माहीत असू द्या आणि मग ठरवा.

कागदांच्या बाबतीत मात्र फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे. सोसायटीचं भागपत्र, खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मृत्युपत्र, जन्म-मृत्यूचे दाखले, जुने कागदी शेअर्स, यांतलं काहीही रद्दीत जाता कामा नये. शेअर्स कवडीमोल वाटले तरी ठेवा. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर ते सरकारी निधीत जातात, पण वारसांना परत मागता येतात. मोडी लिपीतले कागद निघाले तर ते वाचणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय पुढचा विचार करू नका. पत्रांचा फोटो काढताना पाठची बाजूही घ्या, टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते. आणि साड्यांच्या घड्या उलगडून बघा. आमच्याकडे बंद झालेल्या हजाराच्या दोन नोटा निघाल्या. अशा दहापर्यंत नोटा जवळ असल्या तर चालतात, त्याहून जास्त ठेवणं गुन्हा आहे.

फोटो ठेवायचे कुठे, याकडे लोक दुर्लक्ष करतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो बारीक होतो, बहिणीला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. गुगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर आतल्या फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं, म्हणून आईंच्या खात्यावर काही ठेवू नका. दोन हार्ड डिस्क घ्या, एक तुमच्याकडे, एक बहिणीकडे. माहिती मोबाइलमध्ये टाइप करून ठेवली तर फोटो पुढे पाठवताना ती मागे राहते. मी साधी युक्ती केली : चिठ्ठीवर चार ओळी लिहून ती वस्तूशेजारी ठेवायची आणि चिठ्ठीसह आणखी एक फोटो काढायचा. चिठ्ठी आईंच्या अक्षरात असेल तर फारच चांगलं. नंतर निवडक ६० फोटो छापून मी एक जाड वही केली. आई स्क्रीन बघत नाही, वही रोज दुपारी उघडते.

दोन महिने पुरतील. देव्हारा आणि कुलदेवतेचे टाक शेवटपर्यंत हलवू नका, त्यांचं कुठे जायचं ते सगळ्या भावंडांनी बसून ठरवा. या रविवारी फक्त मांडणी घ्या. आईंना खुर्ची द्या, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून बाजूला ठेवा, वरच्या फळीवरचं पहिलं भांडं त्यांच्या हातात द्या आणि विचारा, हे कुणी दिलं होतं?