दोन मिलिवॉटसाठी १३.५६ मेगाहर्ट्झचा रेक्टिफायर: मॉस्फेट की शॉट्की?

आपल्या सेन्सरला १.८ व्होल्टवर १ मिलिअँपिअर लागतो. ही शक्ती १३.५६ मेगाहर्ट्झच्या कॉइलमधून घेताना १एन४१४८ डायोडच्या ब्रिजमध्ये (उलटसुलट प्रवाह एका दिशेचा करणाऱ्या चार डायोडांच्या रेक्टिफायरमध्ये) जवळपास निम्मी वाया जाते, म्हणून डायोडांच्या जागी मॉस्फेट (गेट या टोकाला व्होल्टेज देऊन उघडझाप करायचे ट्रान्झिस्टर) बसवावेत का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

सुटा मॉस्फेट घेऊन त्याच्या गेटची धारिता अवघी १०० पिकोफॅरड धरली, तरी ३.३ व्होल्टच्या ड्रायव्हरने तो या वारंवारतेवर उघडझाप करायला सुमारे १५ मिलिवॉट लागतात. आपला सेन्सर दोनसुद्धा घेत नाही. शिवाय अर्धे आवर्तन ३७ नॅनोसेकंदांचे असल्यामुळे मॉस्फेट थोडा जरी उशिरा बंद झाला, तरी ब्रिजनंतरच्या कपॅसिटरमधला भार उलटा कॉइलकडे वाहू लागतो. चिपवरच्या इवल्याशा ट्रान्झिस्टरांचे गणित वेगळे आहे.

ब्रिजमध्ये प्रवाह एका वेळी दोन डायोडांतून जातो. प्रत्येकी ०.७ व्होल्ट पडत असतील, तर १.८ साठी ३.२ व्होल्ट लागतात, म्हणजे कार्यक्षमता ५६ टक्के. बीएटी५४ सारख्या शॉट्कीवर, म्हणजे कमी व्होल्टेज खाणाऱ्या डायोडवर, साधारण ०.३ व्होल्ट पडतात आणि ती ७५ टक्क्यांवर जाते. ब्रिजनंतरचे व्होल्टेज ५ ठेवले, तर ८९ टक्के मिळतात. ते पुढे १.८ वर उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरचा (स्विचिंग करून व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटचा) दहा टक्के तोटा धरला, तर एकूण ८०. एवढ्याशा फायद्यासाठी हा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण कॉइलमधले अंतर बदलले की व्होल्टेजही बदलते, आणि लिनिअर रेग्युलेटर वरचे सगळे व्होल्टेज उष्णतेत घालवतो, तर बक ते कामी आणतो. मात्र ब्रिजनंतरचा कपॅसिटर पुरेसा भरण्याआधी बक सुरू होऊ देऊ नये, कारण व्होल्टेज कमी असताना तो जास्त प्रवाह ओढतो आणि मग व्होल्टेज चढतच नाही.

एवढ्या हलक्या लोडसाठी ग्राहक (शक्ती घेणाऱ्या) कॉइलला आणखी एक कपॅसिटर समांतर जोडावा. समांतर जोडणीत कॉइलला ब्रिजमागचा लोड त्याच्या डीसी रोधाच्या साधारण निम्मा दिसतो, आणि हा रोध जितका मोठा तितके कॉइलचे व्होल्टेज वर चढते. म्हणूनच ब्रिजनंतर ५.१ व्होल्टचा झेनर (त्यापुढे व्होल्टेज चढू न देणारा डायोड) अवश्य लावावा. कॉइल अगदी जवळ आल्यास बक त्यामुळेच वाचतो.

ट्यूनिंग करताना, म्हणजे कॉइल आणि समांतर कपॅसिटरचा अनुनाद १३.५६ मेगाहर्ट्झवर आणताना, डायोडांची धारिता विसरू नये. २.२ मायक्रोहेन्रीच्या कॉइलला एकूण ६३ पिकोफॅरडच लागतात, त्यामुळे डायोडांचे काही पिकोफॅरडही अनुनाद सरकवायला पुरतात. ऑसिलोस्कोपचा प्रोबही तेच करतो (आणि बरेचदा दोष डायोडांवर येतो), म्हणून कॉइलला प्रोब न लावता, लोडचा रोध बदलत डीसी व्होल्टेज मोजावे आणि समांतर कपॅसिटर त्यावरून ठरवावा.