दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि बोअर युद्धांची रणांगणं बघायला गाईड घ्यावा का? चार दिवसांत काय काय जमेल?

म्हणजे तुम्ही जोहान्सबर्गला कामानिमित्त असणार, मागून वडील येणार (रिटायर्ड, इतिहासाचं वेड, गुडघे कुरकुरतात), हातात चार दिवस, आणि इसांडल्वाना, रोर्क्स ड्रिफ्ट, लेडीस्मिथ, स्पिऑन कॉप बघायचंय, तर गाईड घ्यायचा की गाडी भाड्याने घेऊन यूट्यूबच्या भरवशावर फिरायचं, आणि जमलं तर क्रूगर (प्राण्यांचं मोठं अभयारण्य) पण. असंच ना?

क्रूगर आधी काढून टाका. नकाशावर जवळ वाटतं पण एक अख्खा दिवस नुसता गाडीत जाईल. प्राणी बघायचेच असतील तर दिवस वाढवा आणि क्वाझुलु-नाताल प्रांतातच असलेलं ह्लुह्लुवे-इम्फोलोझी करा, गेंडे तिथे चांगले दिसतात आणि ते मुळात झुलू राजांचं शिकारीचं रान, म्हणजे विषय पण सुटत नाही.

आता गाईड. घ्याच. एरवी मी हे कोणाला सांगत नाही, किल्ल्यावर मी स्वतः गाईड टाळतो कारण तिथे तटबंदी, दरवाजा, पाण्याचं टाकं असं काहीतरी समोर असतं आणि थोडं वाचून गेलं की भागतं. रणांगणावर बघण्यासारखं काही नसतंच हो. इसांडल्वानाला एक उघडाबोडका खडकाळ डोंगर आहे, खाली उतार, गवत, आणि मधेमधे पांढरे रंगवलेले दगडांचे ढीग. ते ढीग म्हणजे थडगी, इंग्रज फौजेतली माणसं जिथे पडली साधारण तिथेच पुरलेली. गाईड नसेल तर वीस मिनिटांत फोटो काढून तुम्ही गाडीत परत. गाईड असेल तर तो दाखवतो की ढीग इथे दाट का आहेत आणि मग विरळ होत होत नदीच्या दिशेने कसे जातात, आणि मग फळी कुठे फुटली, लोक कुठून पळाले हे नुसत्या दगडांवरून वाचता यायला लागतं.

थोडी पार्श्वभूमी वडिलांना आधीच सांगून ठेवा, त्यांना मजा येईल, कारण इसांडल्वानाच्या या इंग्रज विरुद्ध झुलू युद्धाचं मूळ मुंबई-साताऱ्याशी येऊन भिडतं. झुलू राजा सेट्श्वायोला डिसेंबर १८७८ मध्ये ३० दिवसांत फौज मोडून टाक असा अल्टिमेटम देणारा ब्रिटिश हाय कमिशनर म्हणजे सर बार्टल फ्रिअर. हा आधी साताऱ्याला रेसिडेंट होता, राज्य खालसा झाल्यावर तिथला कमिशनर झाला, मग १८६२ ते १८६७ मुंबईचा गव्हर्नर, फोर्टच्या भिंती पाडल्या त्या याच्याच काळात, आणि आपल्या फ्लोरा फाउंटनला आधी याचंच नाव देणार होते. लंडनला त्या वेळी हे युद्ध नकोच होतं, अफगाणिस्तानातच ते अडकले होते, पण याने रेटलं. अल्टिमेटम असा होता की कुठलाही राजा तो मान्य करूच शकला नसता.

मग जानेवारी १८७९ मध्ये ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्ड नदी ओलांडून झुलू राज्यात घुसला, इसांडल्वानाच्या पायथ्याशी तळ टाकला, चर खणले नाहीत, बैलगाड्यांचं कडं केलं नाही, आणि २२ तारखेला पहाटे जवळजवळ अर्धी फौज घेऊन झुलूंना शोधायला भलतीकडे निघून गेला. झुलू होते वीसेक हजार, तळापासून काही किलोमीटरवर एका खोऱ्यात गुपचूप बसलेले. त्यांना त्या दिवशी लढायचंच नव्हतं, अमावस्या होती, दिवस अशुभ. पण इंग्रजांच्या टेहळणीवाल्या घोडेस्वारांनी त्यांना पाहिलं आणि मग थांबायचा प्रश्नच नव्हता. बैलाच्या शिंगांसारखे दोन्ही बाजूंनी वेढत आले. छावणीत सतराशेच्या वर माणसं होती त्यातली तेराशेहून जास्त मेली, झुलूंचेही हजाराच्या आसपास तरी गेलेच. आणि हे सगळं चालू असताना दुपारी खंडग्रास सूर्यग्रहण!

आम्हाला मिळालेला गाईड झुलू होता आणि त्याने गोष्ट छावणीपासून सुरू केलीच नाही, खोऱ्याकडे तोंड करून उभं केलं आणि तिथे न बोलता बसलेल्या पोरांपासून सुरू केली, म्हणजे त्यांनी काय खाल्लं असेल, आदल्या दिवसांत किती चालले, युद्धाआधीचे विधी काय. बाकीच्या गाड्यांमधले गाईड लाल कोटवाल्यांच्या शौर्याचं सांगत होते, तेही वाईट नव्हतं, पण एकाच बाजूने ऐकलं की युद्ध अर्धंच कळतं. म्हणून बुकिंगच्या आधी मेलवर सरळ विचारा की तुम्ही कुठे उभे राहून सुरुवात करता. उत्तरावरून माणूस कळतो.

दुसरं म्हणजे साऊथ आफ्रिकेत टूर गाईडला कायद्याने नोंदणी लागते, बॅज आणि कार्ड असतं, ते बघायला लाजू नका. खर्च वाचवायचा असेल तर तुमच्याच गाडीत बसून येणारे गाईड डंडी गावातून मिळतात, लॉजच्या पॅकेजपेक्षा बरेच स्वस्त. लॉजवाल्यांचे गाईड गोष्ट सांगण्यात मात्र भारी असतात, अगदी कीर्तनकारासारखे, वेगवेगळे आवाज काढून, लोक रडतात वगैरे. वडिलांना काय आवडेल ते तुम्हाला माहीत. पण आधी गाईडची तारीख पक्की करा, मग त्याप्रमाणे राहण्याची जागा. आपण उलटं करतो, हॉटेलवर ऑफर दिसली की बुक, आणि मग जो मिळेल तो गाईड.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी जोहान्सबर्गहून डंडी, चार-साडेचार तास, वेळ उरला तर तलाना म्युझियम. ते बोअर युद्धातल्या (इंग्रज विरुद्ध बोअर, म्हणजे तिथे स्थायिक झालेले डच वंशाचे शेतकरी) २० ऑक्टोबर १८९९ च्या लढाईच्या जागेवरच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी इसांडल्वाना आणि दुपारी रोर्क्स ड्रिफ्ट, आणि हा क्रम काही झालं तरी उलटा करू नका, कारण दोन्ही लढाया एकाच दिवशी, अशाच क्रमाने झाल्यात. इसांडल्वानाला ज्या झुलू तुकड्यांना फारसं लढायला मिळालं नाही त्यातले तीन-चार हजार दुपारी नदी ओलांडून रोर्क्स ड्रिफ्टच्या मिशनवर चालून गेले, आत दीडशेच्या आसपास माणसं, त्यातले कित्येक आजारी, मक्याची पोती आणि बिस्किटांच्या पेट्या रचून रात्रभर लढले. ११ व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाले. आधीचा पराभव झाकायला इतके वाटले असं बरेच जण म्हणतात, मलाही तसंच वाटतं. आणि सकाळी जखमी झुलूंना ठार मारलं गेलं, हे गाईडने आपणहून सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. तिथली विणकामाची जागा पण बघा, गालिचे सुंदर असतात.

इसांडल्वानाहून लोक ज्या वाटेने पळाले त्या वाटेने नदीकाठच्या फ्युजिटिव्ह्ज ड्रिफ्टपर्यंत चालत नेणारा ट्रेक सुचवतील, वडिलांना घेऊन नको, दगडधोंडे आणि उतार आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्लड रिव्हर. १६ डिसेंबर १८३८, बोअर विरुद्ध झुलू. नदीच्या एका काठावर बोअरांच्या बाजूचं स्मारक, ब्राँझच्या ६४ बैलगाड्यांचं कडं, आणि दुसऱ्या काठावर झुलूंच्या बाजूचं न्कोमे म्युझियम. दोन्ही बघा, एकच घटना दोन भिंतींवर किती वेगळी लिहिलीय ते बघून तिथेच वाद घालावासा वाटतो. संध्याकाळपर्यंत लेडीस्मिथ. हे गाव ११८ दिवस बोअरांच्या वेढ्यात होतं, सीज म्युझियम छोटंसं पण नीट आहे. तिथे प्रभूसिंग या हिंदी मजुराबद्दल विचारा, बोअरांची तोफ धडाडली की तो घंटा वाजवून गावाला सावध करायचा. गांधीजींनीही त्याच्याबद्दल लिहिलंय.

चौथा दिवस स्पिऑन कॉप, आणि माझ्या मते सगळ्यात भारी हाच. गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते, वर थोडंसंच चालायचंय, गुडघ्यांना चालेल. २४ जानेवारी १९०० ला इंग्रज धुक्यात वर चढले, दगडात जेमतेम उथळ चर खणला, धुकं उठल्यावर कळलं की आपण कड्याच्या टोकावर नाहीच आणि बोअरांच्या बंदुका तीन बाजूंनी. तोच चर मग त्यांची सामुदायिक कबर झाला, अजून तिथेच आहे. जखमींना उतरवायला गांधीजींची हिंदी अ‍ॅम्ब्युलन्स तुकडी होती, सगळी मिळून ११०० माणसं, त्यातले बहुतेक गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर. आधी गोळीबाराच्या हद्दीत जायचं नाही असं ठरलं होतं पण इथे इंग्रजांचा सेनापती जनरल बुलर याच्याकडून विचारणा झाली आणि हे गेले, डोलीतून वीस-पंचवीस मैल वाहून नेत. वार्ताहर चर्चिल त्याच डोंगरावर, आणि समोर बोअरांचा सेनानी लुई बोथा. इथला गाईड वेगळा घेतला तरी चालेल, झुलू युद्धवाल्यांना बोअर युद्ध तितकंच येतं असं नाही.

परत जोहान्सबर्गला न जाता डर्बनहून विमान धरलंत तर वाटेत पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशन लागतं, १८९३ मध्ये गांधीजींना जिथे गाडीतून उतरवलं ते. आणि डर्बनला शाकाहारी जेवणाची चिंता नाही. लॉजवर मात्र व्हेज आहे हे आधी मेलवर कळवा, नाहीतर उकडलेल्या भाज्या समोर येतील.

जायचं तर मे ते ऑगस्ट. कोरडं असतं, गवत बसलेलं असतं त्यामुळे जमिनीचे चढउतार दिसतात, पण रात्री जबरी थंडी, वडिलांचा स्वेटर विसरू नका. जानेवारीत वार्षिक कार्यक्रम असतात पण ऊन, गर्दी आणि दुपारची वादळं. रस्ते शेवटी कच्चे आहेत, मधे गुरं-शेळ्या येतात, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. व्हिसाचं आत्ताच बघा. आणि गवतात काडतूस किंवा बटण चमकताना दिसलं तरी उचलायचं नाही, गुन्हा आहे, जिथे आहे तिथेच ठेवून गाईडला दाखवा.