इंग्लंडची जुनी चांदीची शिलिंग जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू आणि खोटं नाणं कसं ओळखू?

सुरुवात १८१६ पासून पुढे करा. पहिल्या एलिझाबेथचं नाणं कितीही खुणावत असलं तरी ते नंतर. १८१६ ते १९१९ या काळातलं प्रत्येक शिलिंग यंत्रावर पाडलेलं, ९२.५ टक्के चांदीचं, ५.६५ ग्रॅम वजनाचं आणि सुमारे साडेतेवीस मिलिमीटर व्यासाचं आहे. ठरलेलं माप असलं की नवख्यालाही खोटं पकडता येतं. १९२० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ पासून ती उरलीच नाही, तांबं-निकेल आलं. १९३७ ते १९५१ च्या नाण्यांत इंग्लिश आणि स्कॉटिश असे दोन सिंह मिळतात. मुकुटावर उभा तो इंग्लिश, तलवार आणि राजदंड घेऊन समोर तोंड करून बसलेला तो स्कॉटिश. स्वस्तात जोड्या लावायला ही मालिका मजेची आहे.

पहिल्या सात-आठ नाण्यांत तिसरा आणि चौथा जॉर्ज, चौथा विल्यम, व्हिक्टोरियाचे तिन्ही चेहरे, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज एवढे बसतात. व्हिक्टोरियाचा तरुण चेहरा १८३८ ते १८८७, ज्युबिलीचा, म्हणजे राज्यारोहणाच्या पन्नाशीनिमित्तचा, १८८७ ते १८९२, बुरख्यातला वृद्ध चेहरा १८९३ ते १९०१. ज्युबिलीत लहान डोकं आणि मोठं डोकं असे दोन प्रकार आहेत. बदल १८८९ मध्ये झाला आणि त्या वर्षाचं लहान डोकं कमी मिळतं. १८६४ ते १८७९ च्या नाण्यांवर मागच्या बाजूला, सालाच्या वर, बारीक आकडा दिसेल. तो ठशाचा क्रमांक आहे, दोष नाही. १८५०, १८५१, १८५४ आणि १९०५ ही साल महाग. एडवर्डचं १९०५ चं शिलिंग पाच लाखांपेक्षाही कमी पाडलं गेलं. ते कोणी स्वस्तात देत असेल तर आधी शेवटचा आकडा भिंगाखाली धरा, तो बदललेला तर नाही ना ते बघा.

आता तपासणी. दोन दशांश दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्यास मोजायला व्हर्नियर मोजपट्टी आणि दहापट भिंग एवढं पुरतं. लोहचुंबक फारसा कामाचा नाही, कारण चांदीही चिकटत नाही आणि तांबं-निकेलही नाही. वजन बरोबर आलं तरी धातू वेगळा असू शकतो, म्हणून घनता मोजा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. अंगाला चिकटलेले बुडबुडे दोरा हलवून काढा. स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदीचं ५.६५ ग्रॅमचं नाणं काट्यावर ०.५५ ग्रॅमच्या आसपास दाखवतं, तांबं-निकेलचं त्याच वजनाचं ०.६३ च्या पुढे जातं. पाण्यात नाणं तळाला टेकलं की काटा भलताच आकडा दाखवतो. बहुतेक जण तिथेच चुकतात.

त्यानंतर कड बघा. अस्सल नाण्याचे दाते एकसारखे आणि धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला जोडाची रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि साबणासारखी गुळगुळीत झालेली अक्षरं दिसतात. दात्यांत एका जागी खरवड असेल तर तिथे कधीतरी कडी जोडलेली होती. नाण्याचं पदक करून घालायची तेव्हा हौस होती, आणि अशा नाण्याला संग्राहक फारसं विचारत नाहीत.

घासलेलं नाणं हा खोट्याइतकाच मोठा सापळा आहे. दिव्याखाली तिरपं फिरवा. केसासारखे ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसले आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत काळेपणा उरला असेल तर कोणीतरी त्यावर हात चालवला आहे. चांदीची भांडी चमकवायला चिंच, रांगोळी, टूथपेस्ट चालते. नाण्याला यातलं काहीही लावू नका. शंभर वर्षांत बसलेला करडा-निळसर थर हीच त्याची किंमत. चिकट घाण असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा, मग डिस्टिल्ड पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपा, घासू नका. अ‍ॅसिटोन पेट घेतं, त्यामुळे खिडकी उघडी आणि गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात साठवणीकडे जरा जास्तच लक्ष लागतं. वास येणारा मऊ पीव्हीसीचा अल्बम काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकटा सोडतो. मायलर या पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोन घ्या, हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र जवळ नको. त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते.

हे सगळं अंगवळणी पडल्यावर मागे जा. १६९६-९७ मध्ये इंग्लंडभरची, चांदी चोरायला कडा कातरलेली जुनी नाणी वितळवून नवी पाडली. न्यूटन त्याच १६९६ मध्ये टांकसाळीवर रुजू झाला होता. लंडनशिवाय पाच गावांत टांकसाळी उघडल्या, म्हणून तिसऱ्या विल्यमच्या चेहऱ्याखाली अक्षर शोधा: ब्रिस्टलला बी, चेस्टरला सी, एक्झिटरला ई, नॉर्विचला एन, यॉर्कला वाय. पाच अक्षरांचा संच हे छान लक्ष्य आहे. १७८७ च्या शिलिंगात हॅनोव्हरच्या (राजघराण्याच्या जर्मन राज्याच्या) ढालीत पत्त्यांतल्यासारखे बदाम आहेत की नाहीत यावरून दोन प्रकार पडतात. १६४९ ते १६६० च्या प्रजासत्ताकाच्या नाण्यावर राजा नाही, मजकूर लॅटिनऐवजी इंग्रजी, आणि मागच्या जोड ढाली विजारीसारख्या दिसतात म्हणून राजनिष्ठ लोक त्याला ‘विजारीचा पैसा’ म्हणत. एलिझाबेथच्या शिलिंगावर साल नसतं, फक्त टांकसाळीची खूण असते. डोक्यामागे गुलाब आणि उलट बाजूला साल दिसलं तर ते सहा पेन्सचं, म्हणजे अर्ध्या शिलिंगचं, असण्याचीच शक्यता जास्त. विक्रेते हे बिनदिक्कत शिलिंग म्हणून लावतात.

घरी आफ्रिकेहून आलेली नाणी असतील तर तीही बघून ठेवा. पूर्व आफ्रिकेचं शिलिंग, समोर राजा आणि मागे डोंगरासमोर सिंह, हे वेगळंच नाणं. ते अठ्ठावीस मिलिमीटरच्या घरात असतं आणि १९४६ पर्यंतच्या नाण्यांत चांदी फक्त पाव हिस्सा. वाईट नाही, पण इंग्लिश शिलिंगच्या भावाने घेऊ नका.

भाव करताना तळ माहीत हवा: १९१९ पर्यंतच्या पूर्ण वजनाच्या नाण्यात ५.२३ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, १९२० ते १९४६ च्या नाण्यात २.८३. झिजलेलं सामान्य साल याच्या फार वर जात नाही. आणि एक, शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ग्रेडिंगसाठी, म्हणजे दर्जा ठरवून घ्यायला, ते भारताबाहेर कुरिअरने पाठवायचा बेत असेल तर तो इथेच सोडा.