एटीसीचं ऐकूनही विमान डोंगरावर कसं आदळतं?

हो, एटीसी (विमानांना रेडिओवरून सूचना देणारं हवाई वाहतूक नियंत्रण) बरोबर बोलूनही पायलटनं भलतंच ऐकलं तर विमान डोंगरात जाऊ शकतं भाऊ, आणि काहींना वाटतं तसं फक्त "पायलटचं इंग्रजी कच्चं असतं म्हणून" असं नाही. मी आरटीआर परीक्षेचा (पायलटला रेडिओवर बोलण्याचा परवाना देणारी) अभ्यास करतोय, त्यात रीडबॅकवर, म्हणजे ऐकलेली सूचना परत बोलून दाखवण्यावर, लय भर आहे, त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे फ्लाइंग टायगर 66 या मालवाहू विमानाचा अपघात, 19 फेब्रुवारी 1989, क्वालालंपूरजवळ. कंट्रोलर म्हणाला "डिसेंड टू फोर झीरो झीरो", म्हणजे 2400 फूट, पायलटला तो "टू" (two) आकडा वाटलाच नाही, "पर्यंत" या अर्थाचा इंग्रजी शब्द "टू" (to) वाटला, त्यानं ऐकलं 400 फुटांपर्यंत खाली ये. तो उलट "ओके, फोर झीरो झीरो" बोलला तरी कंट्रोलरनं टोकलं नाही आणि कार्गो 747 टेकडीवर आदळलं, चारही जण गेले. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, आपल्या नागपूरची जमीनच 1000 फुटांच्या आसपास आहे, मग 400 म्हणजे काय ते बघा. म्हणून आता "टू थाउजंड फोर हंड्रेड फीट" असं पूर्ण बोलायचं, आणि उंची, हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा), रनवे पायलटनं परत म्हणून दाखवायचं, चुकलं तर कंट्रोलरनं तिथंच अडवायचं.

पण सगळा दोष रेडिओवर टाकू नका. त्या विमानात जमीन जवळ आल्याची वॉर्निंग वाजत होती, क्रूनं वर घेतलंच नाही, आणि किमान किती उंचीवर राहायचं ते पायलटजवळच्या चार्टवर (नकाशावर) पण छापलेलं असतं.