पॅटन मधोमध नको

असल उत्तरचा, म्हणजे १९६५ च्या भारत-पाक युद्धातल्या रणगाड्यांच्या लढाईचा डायोरामा (छोट्या मॉडेलांचा देखावा) करतोयस, विषय झकास आहे. पण तुझा १/३५ मापाचा पॅटन रणगाडा बेसच्या अगदी मधोमध, कडेला समांतर बघून राहवलं नाही. शोरूममध्ये उभा केल्यासारखा वाटतो रे! वीसेक अंश तिरका कर, थोडा मागे सरकव. तोफेच्या नळीपुढे मोकळी जागा ठेव. नळी बेसबाहेर गेली की बघणाऱ्याची नजरही बाहेर जाते.

सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या त्या शेतांत पाणी सोडलेलं होतं आणि पॅटन चिखलात रुतले. म्हणजे तुझा रणगाडा चिखलावर ठेवलेला दिसून चालणार नाही. ट्रॅक आधी रंगवून घे आणि चिखलाची पुट्टी ओली असतानाच एक बाजू जास्त दाब. नाक किंचित खाली गेलं की निम्मं काम झालं.

ऊस खराट्याच्या हिरांचा कर. खरा तीन मीटरचा ऊस या मापात साडेआठ सेंटिमीटर भरतो, म्हणजे जवळजवळ टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) टोकाएवढा. तो मागच्या एकाच कोपऱ्यात दाट लाव, पुढे विरळ, चिरडलेला. चारी बाजूंनी लावलास तर रणगाडाच हरवेल.

सैनिक दोनच, आणि दोघांची नजर एकाच दिशेला. माझ्या पहिल्या डायोरामात पाच होते, एसटीची वाट बघत असल्यासारखे!

पाणी दाखवायचं रेझिन दोन-तीन मिलिमीटरच्या थरांनी ओत. मी घाईत अख्खा कप ओतला होता, तापून तडकलं.